समतोलाच्या गणितात लहरींची साक्ष

अणुसंमीलनावर, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रके जुळवून ऊर्जा मिळवण्याच्या, आपण सर्रास फ्यूजन म्हणतो त्या विषयावर, सांगली-मिरजेत कुठेही बोलायला उभा राहिलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: वीज कधी मिळणार? प्रश्न रास्त आहे. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर ज्यांच्या हळदीला आणि उसाला पाणी मिळते, त्यांनी दुसरे काय विचारावे? मात्र इतक्या वर्षांत मला एकदाही कोणी असे विचारले नाही की, पंधरा कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या त्या विद्युतभारित वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, पोटात काय चालले आहे, हे तुम्हाला कळते तरी कसे. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधीचा आहे आणि पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून आहे.

या क्षेत्रात आपला देश नवखा नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा टोकामॅक, म्हणजे प्लाझ्माला चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवणारे कड्याच्या आकाराचे यंत्र, १९८९ मध्ये सुरू झाला. पुढे तिथेच अतिवाहक चुंबकांचा एसएसटी-१ उभा राहिला आणि आदित्यचेही नूतनीकरण झाले. फ्रान्समध्ये कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या बांधकामात भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे. त्या यंत्राला बाहेरून वेढणारे ३,८५० टनांचे क्रायोस्टॅट नावाचे प्रचंड पोलादी पात्र गुजरातेत हाजिरा येथे घडवले गेले. या कामाचा अभिमान मलाही वाटतो. परंतु अशा प्रकल्पांबद्दल आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते ते टनांत, मीटरांत आणि कोटी रुपयांत. यंत्र बांधणे आणि यंत्राच्या आत काय घडते आहे ते समजणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. दुसरीला पैसा कमी लागतो, माणसे आणि चिकाटी मात्र फार लागते. प्लाझ्मात उठणाऱ्या लहरींची मोजमापे ही समतोलाच्या गणिताची मूळ सामग्री मानली जावीत, आणि सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या यंत्रांवरची अशी मोजमापे देशातील विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना खुली असावीत, अशी माझी मागणी आहे. ती का, हे सांगण्यासाठी आधी समतोल म्हणजे काय ते पाहावे लागेल.

टोकामॅकमधील प्लाझ्माचा आकार फुगवलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा असतो. भोवतालच्या कॉइलमधून एक चुंबकीय क्षेत्र ट्यूबच्या लांबीच्या दिशेने फिरते. प्लाझ्मातून वाहणाऱ्या विजेच्या प्रवाहामुळे दुसरे क्षेत्र ट्यूबच्या घेराभोवती फिरते. दोन्ही मिळून क्षेत्ररेषा तिरक्या होतात आणि ट्यूबवर सुतळी गुंडाळावी तशा गुंडाळल्या जातात. एखादी रेषा घेराभोवती एक वेढा पुरा करेपर्यंत लांबीच्या दिशेने किती फेऱ्या मारते, त्या संख्येला या विषयात ‘क्यू’ म्हणतात. बहुतेक वेळा गाभ्यापाशी ही संख्या एकच्या आसपास आणि कडेला तीन ते पाचच्या घरात असते. ती आतून बाहेरपर्यंत कशी बदलत जाते, यावर त्या प्लाझ्माचे सारे भवितव्य ठरते. क्यू जिथे दोन किंवा दीड असा साधा अपूर्णांक किंवा पूर्णांक होतो, तिथे रेषा थोड्याच फेऱ्यांत स्वतःच्या शेपटीला येऊन मिळते आणि नेमक्या अशा ठिकाणी चुंबकीय विणीला फाटे फुटू शकतात. ते वाढले तर प्लाझ्मा काही हजारांश सेकंदांत कोसळतो. इटरमध्ये दीड कोटी अँपिअरचा प्रवाह वाहणार आहे. तो असा अचानक कोसळला तर यंत्राच्या भिंतींवर आणि आधारांवर पडणारा ताण किती असेल याची कल्पना करावी.

प्लाझ्माचा दाब बाहेर ढकलतो आणि चुंबकीय बल त्याला आत आवळून धरते. या रस्सीखेचीत दोन्ही बाजू प्रत्येक बिंदूवर बरोबरीत असतील तर समतोल. या समतोलाचे समीकरण ग्रॅड आणि शाफ्रानोव्ह यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून माहीत आहे. समीकरण माहीत आहे, तर अडचण कुठे आहे? अडचण अशी की, त्यात दोन गोष्टी आपणच भराव्या लागतात: आतून बाहेर दाब कसा बदलतो आणि प्रवाह कसा पसरला आहे. दोन्ही आतल्या गोष्टी, आणि आपली बहुतेक मापके बाहेर, भिंतीपाशी बसवलेली. बाहेरच्या कॉइलवर जे क्षेत्र मोजले जाते त्यावरून आतला प्रवाह कसा पसरला असेल याचे उलट गणित करायचे, आणि या उलट गणिताला एकच उत्तर नसते.

कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पट्टीकडे सगळ्या शहराचे डोळे लागलेले असतात. पाणी चाळीस फुटांवर गेले, हे पट्टी अगदी चोख सांगते. पण त्यात कोयनेच्या विसर्गाचे पाणी किती, मधल्या पट्ट्यात कोसळलेल्या पावसाचे किती, आणि पुढे हरिपूरला वारणेच्या पाण्याने फुगवटा येऊन अडलेले किती, हे त्या एका आकड्यातून काढता येत नाही. निरनिराळ्या कारणांची निरनिराळी बेरीज तोच आकडा देऊ शकते. २०१९ च्या महापुरानंतर महिनोन्‌महिने चाललेले वाद आठवावेत; प्रत्येकाकडे पट्टीशी जुळणारे स्वतःचे स्पष्टीकरण होते.

प्लाझ्मात हेच घडते. उभट नसलेल्या, जवळपास गोल छेदाच्या प्लाझ्मासाठी तर हे काटेकोरपणे सिद्ध झालेले आहे: बाहेरच्या चुंबकीय मोजमापांतून दाबाचा वाटा आणि प्रवाहाच्या पसरणीचा वाटा यांची ठरावीक बेरीज तेवढी मिळते, दोन्ही सुटे करता येत नाहीत. आदित्यचा प्लाझ्मा मुळात असाच गोल छेदाचा होता. छेद उभट केला की दोन्ही वाटे काही प्रमाणात वेगळे होतात, तरी गाभ्याजवळचे चित्र धूसरच राहते. १९८० च्या दशकापासून जगभर वापरात असलेली समतोल काढण्याची संगणकीय पद्धत ही त्रुटी भरून काढण्यासाठी आत एक गुळगुळीत वक्र गृहीत धरते. काम चालवण्यासाठी हे क्षम्य आहे. परंतु गृहीत धरलेला तो गुळगुळीतपणा पुढे आलेखावर ठळक रेघेत छापला जातो, आणि पाहणाऱ्याला वाटते की तो मोजलेला आहे. माझी पहिली तक्रार इथे आहे.

आत डोकावण्याच्या इतर वाटा आहेत. त्यांतली सर्वांत महत्त्वाची अशी की, हायड्रोजनच्या किंवा ड्युटेरियम या जड हायड्रोजनच्या उदासीन, म्हणजे विद्युतभार नसलेल्या, अणूंचा वेगवान झोत प्लाझ्मात सोडायचा आणि त्या अणूंच्या प्रकाशाची दिशा तपासून क्षेत्ररेषेचा तिरकसपणा काढायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत प्रत्यक्षात आली आणि तिने या शास्त्राचा चेहरामोहरा बदलला, हे मान्यच केले पाहिजे. पण तिला झोत लागतो, स्वच्छ आरसे आणि खिडक्या लागतात. ज्या यंत्रात न्यूट्रॉनचा भडिमार होणार, आरशांवर भिंतीचा झिजलेला धातू साचत जाणार, तिथे अशी प्रकाशाची वाट वर्षानुवर्षे स्वच्छ ठेवणे फार अवघड आहे. भिंतीजवळच्या चुंबकीय कॉइललाही किरणोत्साराचा त्रास होतो. शिवाय या कॉइल क्षेत्राचा बदल मोजतात, क्षेत्र नव्हे. क्षणाक्षणाच्या बदलांची बेरीज करून क्षेत्र काढावे लागते. बेरीज लांबत गेली की तिच्यातली बारीकशी चूकही साठत जाते. काही सेकंदांच्या प्रयोगात हे खपून गेले. चीनमधील ईस्ट या यंत्राने जानेवारी २०२५ मध्ये १,०६६ सेकंद आणि पाठोपाठ फेब्रुवारीत फ्रान्समधील वेस्टने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. अशा लांब पल्ल्यावर बेरजेची चूक दुर्लक्षून चालत नाही.

आता लहरींकडे येतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घडताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल की, कारागीर तबली तासता तासता मध्येच थांबतो, बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारतो, मान किंचित कलती करून ऐकतो आणि पुन्हा रंधा उचलतो. लाकूड कुठे जाड राहिले आहे हे तो डोळ्याने पाहत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळका भोपळा निवडतानाही पहिली परीक्षा टिचकीचीच असते. वस्तू फोडून न पाहता तिच्या सुरावरून तिचे अंतरंग ओळखण्याची ही विद्या आहे. भूकंपशास्त्राचा पायाही हाच आहे.

प्लाझ्मातील चुंबकीय क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारखी वागते. क्षेत्र जितके प्रबळ तितका ताण जास्त. प्लाझ्माची घनता जितकी अधिक तितकी तार जड. अशा तारेवरून धावणाऱ्या लहरीचे भाकीत स्वीडिश शास्त्रज्ञ हानेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये केले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मोठ्या टोकामॅकमध्ये तीन टेस्लाचे क्षेत्र आणि नेहमीची घनता धरली तर या लहरीचा वेग सेकंदाला सुमारे साडेसहा हजार किलोमीटर येतो. तीन मीटर त्रिज्येच्या कड्यात अशी लहर अडकली की तिची वारंवारिता शंभर किलोहर्ट्झच्या वर-खाली पडते. सांगली आकाशवाणीच्या मध्यमलहरींवरील १,२५१ किलोहर्ट्झच्या साधारण एक दशांश. या वारंवारितेत क्यू लपलेला असतो, कारण रेषा किती फेऱ्यांनी वळते यावर तारेची परिणामी लांबी ठरते.

कड्याच्या आतल्या बाजूला क्षेत्र प्रबळ आणि बाहेरच्या बाजूला दुबळे असते, त्यामुळे रेषेवरून जाणाऱ्या लहरीला ठरावीक अंतरावर चढउतार लागत राहतात. त्याचा परिणाम म्हणून वारंवारितांच्या पट्ट्यात एक मोकळी फट तयार होते आणि त्या फटीत काही स्वर फारसे न विरता टिकून राहतात. १९८५ मध्ये हे गणिताने सांगितले गेले आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील टीएफटीआर या यंत्रावर ते स्वर प्रत्यक्ष दिसले. त्यांना छेडते कोण? तापवण्यासाठी सोडलेले वेगवान कण, आणि खऱ्या संमीलनात जन्मणारे हेलियमचे कण, ज्यांचा जन्मवेळचा वेग सेकंदाला सुमारे तेरा हजार किलोमीटर, म्हणजे लहरीच्या वेगापेक्षा जास्त असतो. जेट या युरोपीय यंत्रावर तर बाहेरून अँटेना लावून मुद्दाम टिचकी मारण्याचे प्रयोगही १९९० च्या दशकात झाले. या लहरी फार बळावल्या तर वेगवान कणांना बाहेर फेकतात, म्हणून त्यांचा अभ्यास बराच काळ धोका म्हणूनच झाला. धोका खराच आहे. पण तो धोका मोजण्यासाठी जी नोंद आपण करतोच, तिच्यातच क्षेत्ररेषांच्या विणीची माहितीही दडलेली आहे.

या साक्षीचा मला सर्वांत भावलेला नमुना जेटवरचा आहे. प्लाझ्मातील प्रवाह वाढवत नेताना कधीकधी क्यूचा नीचांक गाभ्यात न राहता थोडा बाहेर सरकतो आणि काळाबरोबर हळूहळू खाली येत जातो. हा नीचांक एखाद्या साध्या अपूर्णांकाला येऊन भिडला की त्या क्षणी एक स्वर जन्मतो आणि चढत जातो. नीचांक अडीचवर आला तर कड्याभोवती दोन, चार, सहा अशा सम संख्येने वळसे घेणारे स्वरच उठतात. सव्वादोनच्या किंचित वर, म्हणजे सात तृतीयांशावर आला तर तीन आणि सहाचे. आणि नीचांक नेमका पूर्णांक झाला की एक, दोन, तीन, चार, पाच, सहा असे सगळे स्वर एकदम उभे राहतात. निरनिराळ्या मात्रांची आवर्तने आपापल्या चालीने फिरत असावीत आणि सगळी एकाच क्षणी समेवर यावीत, तसे हे आहे. सम कधी आली हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. इथेही त्या क्षणी नीचांक दोन होता की तीन, हे भोवतालच्या नोंदींवरून ठरते आणि क्षण हजारांश सेकंदाच्या जवळपास नेमका सापडतो. त्यासाठी कॉइलची संवेदनशीलता अचूक माहीत असण्याची गरज नाही. वारंवारिता मोजणे म्हणजे मोजणीच. जोर मोजणे नव्हे. म्हणून कॉइल जुनी झाली, किरणोत्साराने थोडी बिघडली, बेरजेत चूक साठली, तरी ही साक्ष सहसा बदलत नाही. लांब पल्ल्याच्या यंत्रांसाठी हा गुण किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

याच प्रकारच्या नोंदीची एक छापील प्रत मी काही वर्षांपूर्वी पदवीच्या शेवटच्या वर्गात नेली होती. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारिता, आणि काळ्या पार्श्वभूमीवर खालून वर जाणाऱ्या बारीक उजळ रेघा, एकाच बुडख्यातून फुटलेल्या उसाच्या फुटव्यांसारख्या. काही लवकर चढणाऱ्या, काही सावकाश. पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा म्हणाला, “सर, हा गोंगाट आधी गाळून टाकायचा असतो ना?” त्याची चूक नव्हती. प्रयोगशाळेत आम्ही त्याला तीन वर्षे हेच शिकवले होते की, खरे मोजमाप म्हणजे संथ रेघ आणि तिच्यावरची थरथर म्हणजे दोष. मी त्याला रेघांचे चढ मोजायला सांगितले. पट्टी लावून त्याने ते मोजले, आणि चढ एकास दोनास तीन अशा प्रमाणात येत आहेत हे पाहून तो गप्प झाला. गोंगाटात असे प्रमाण नसते. पुढचा अर्धा तास त्या वर्गात मला काही शिकवावे लागले नाही.

या लहरी म्हणजे रामबाण उपाय आहे असा दावा मी करणार नाही. वारंवारिता क्यूवर अवलंबून असते तशी घनतेवरही असते, त्यामुळे घनता वेगळी मोजलेली हवी. प्लाझ्मा स्वतः गरगर फिरत असतो आणि त्या फिरण्याची भर प्रत्येक स्वरात वेगळी पडते; जितके वळसे जास्त तितकी भर जास्त. चढत्या स्वराची तळची वारंवारिता शून्य नसते, ती तापमानावर ठरते. स्वर ओळखण्यातच चूक झाली, चारचा पाच समजला गेला, तर सगळे उत्तर फसते. शिवाय ज्या जागी लहर उठते तिथलेच ती सांगते. बाकीच्या भागाबद्दल ती मौन पाळते. आणि वेगवान कण पुरेसे नसतील तर लहर उठतच नाही. आदित्यसारख्या लहान यंत्रात या उच्च वारंवारितेच्या स्वरांची फारशी अपेक्षा धरता येणार नाही. तिथे क्यू दोन किंवा तीन असलेल्या पृष्ठभागांवरच्या मंद चुंबकीय आंदोलनांवर भर द्यावा लागेल. तीही साक्षच आहे, थोडी ढोबळ.

म्हणूनच प्रश्न लहरी की इतर मोजमापे असा नाही. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर गेली अनेक दशके भूकंपलहरींची नोंद होत आली आहे, आणि त्याच परिसरात सातारा जिल्ह्यातील कराडच्या संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली गोठणे येथे तीन किलोमीटर खोल भोकही पाडले गेले. भोक त्या एका जागेचा खडक हातात देते; लहर सगळ्या पट्ट्याची खबर आणते, पण अप्रत्यक्ष. दोन्ही एकमेकींची तपासणी करतात. प्लाझ्मात उदासीन कणांचा झोत भोकाचे काम करतो आणि आल्फवेनची लहर भूकंपलहरीचे.

दोन्ही एकत्र आणण्याची रीतही उपलब्ध आहे. आधी आपली पूर्वसमज लिहून काढायची: दाब ऋण नसतो, प्रवाह अमुक मर्यादेत असतो, इत्यादी. मग शक्य असलेला प्रत्येक समतोल घेऊन विचारायचे की, हा खरा असता तर बाहेरच्या कॉइलवर काय दिसले असते, झोताच्या प्रकाशात काय दिसले असते आणि लहरी कोणत्या वारंवारितेवर उठल्या असत्या. जे समतोल प्रत्यक्ष नोंदींशी जास्त जुळतात त्यांना जास्त वजन द्यायचे. हाती जे येते ती एक रेघ नसून रेघांचा जुडगा असतो, आणि तो जिथे रुंद आहे तिथे आपल्याला कमी कळते, हे त्यात उघड दिसते. बेझच्या संभाव्यतेच्या नियमावर उभी असलेली ही पद्धत ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी ब्रिटनच्या मास्ट या यंत्राच्या समतोलासाठी वापरली आहे. लहरींची वारंवारिता या जुडग्यात घातली की काही रेघा गळून पडतात. लहरी एकट्याने उत्तर देत नाहीत, पण जी उत्तरे चालणार नाहीत ती ठामपणे बाद करतात. मला ही भूमिका पुरेशी वाटते. न्यायालयातही साक्षीदाराने सगळी हकीकत सांगावी अशी अपेक्षा नसते.

एक आक्षेप अलीकडे फार ऐकू येतो: आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती हे सगळे आपोआप करील. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील टीसीव्ही या टोकामॅकवर अशा यंत्रणेने प्लाझ्माचा आकार सांभाळून दाखवला, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती यंत्रणा तयार झाली समतोलाच्या संगणकीय प्रतिकृतीवर. प्रतिकृतीत जे गृहीत आहे ते यंत्रणेच्या अंगात मुरते. जुन्या समतोलांच्या साठ्यावर नवी यंत्रणा शिकवली आणि त्या साठ्यातील गाभ्याचे चित्र मुळात गृहीत धरलेले असेल, तर आपण आपलेच गृहीतक अधिक वेगाने परत मिळवतो. यंत्राला शिकवण्यासाठीही स्वतंत्र साक्ष लागतेच, आणि म्हणून लहरींच्या नोंदींची गरज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे वाढते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या गावातला आहे. इथे पूर आणि दुष्काळ दोन्ही आहेत. इथल्या करदात्याने फ्रान्समधल्या यंत्राच्या गाभ्यातील क्यूची चिंता का करावी? माझे उत्तर असे की, पैसा तर आपण देतोच आहोत. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार इटरचे संशोधनकार्य २०३४ मध्ये आणि ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड भावंडांच्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. आज सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला असलेली मुले तेव्हा तिशी-पस्तिशीत असतील. त्यांच्यातल्या काहींना त्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत, नाहीतर नऊ टक्के वाट्याच्या बदल्यात आपल्याकडे पोलाद घडवल्याचा अनुभव तेवढा उरेल. तो अनुभव कमी मोलाचा नाही, पण अपुरा आहे.

आणि नोंदी वाचायला शिकण्यासाठी २०३४ ची वाट पाहण्याचे कारण नाही. मास्ट यंत्राच्या नोंदी ब्रिटनने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. जपानने तोकी येथील एलएचडी या यंत्राच्या नोंदी खुल्या केल्या आहेत. गुरुत्वलहरींच्या क्षेत्रात लायगो या अमेरिकी वेधशाळेच्या नोंदी जगातला कोणताही विद्यार्थी उतरवून घेऊ शकतो, आणि त्याच कुळातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होऊ घातली आहे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर इतरांना मागता येतात. म्हणजे खुलेपणाची रीत महाराष्ट्राला परकी नाही. प्लाझ्माच्या क्षेत्रातही देशातील प्रत्येक सार्वजनिक यंत्रावरच्या कच्च्या चुंबकीय नोंदी, गाळून गुळगुळीत केलेल्या नव्हेत तर थरथरीसकट, ठरावीक मुदतीनंतर खुल्या व्हाव्यात. प्रत्येक समतोलाबरोबर त्याची अनिश्चितता छापली जावी. मोजमाप आणि अर्थनिर्णय यांसाठीचा निधी यंत्रखरेदीच्या निधीतून उरलेला नसावा, तो सुरुवातीलाच बाजूला काढलेला असावा. मंत्रालयांच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ ठरेल. महाविद्यालयासाठी मात्र ती एका प्राध्यापकाचा वेळ, दोन चांगले संगणक आणि चार मुलांची शिष्यवृत्ती असते.

नोंदी हाती आल्या तर पहिला स्वाध्याय काय द्यायचा हेही माझ्या मनात ठरलेले आहे. मास्टचा एक प्रयोग घ्यायचा, भिंतीवरच्या सहा कॉइलच्या नोंदी वर्गात वाटून द्यायच्या, प्रत्येक गटाने आपापल्या नोंदीतून वेळ आणि वारंवारितेचा आलेख काढायचा, शेजारच्या गटाशी लहरीची कला, म्हणजे तिच्या चढउताराची वेळ, जुळवून वळशांची संख्या शोधायची, आणि मग फळ्यावर सगळ्यांनी मिळून क्यूचे एकच मूल्य, त्याच्या दोन्ही बाजूंच्या अनिश्चिततेसह, लिहायचे. दोन तासिका लागतील. जो गट वळशांची संख्या चुकवील त्याचे उत्तर इतरांशी जुळणार नाही, आणि चूक कुठे झाली ते त्या गटाला स्वतःच शोधून काढावे लागेल.